कॉन्फरन्सबाहेरील तगडे सामने (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मधल्या फळीतील विद्यापीठांनी स्वतःच्या कॉन्फरन्सबाहेरच्या (कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट), आपल्याहून बलाढ्य संघांशी सामने ठरवण्याची प्रथा. फुटबॉल म्हणजे येथे अंडाकृती चेंडूचा अमेरिकन खेळ. मधली फळी म्हणजे ढोबळमानाने मिड-अमेरिकन, माउंटन वेस्ट, सन बेल्ट, अमेरिकन ॲथलेटिक (२०२५ पासून नुसते ‘अमेरिकन’) आणि कॉन्फरन्स यूएसए या पाच कॉन्फरन्स. २०१४ पासून त्यांना ‘ग्रुप ऑफ फाइव्ह’ म्हटले जाऊ लागले. संघ वारंवार कॉन्फरन्स बदलत असल्याने या नोंदीत प्रत्येक संघाचे स्थान त्या त्या हंगामातले धरले आहे.

रणजी करंडकाचे सामने मध्यवर्ती मंडळ लावते. येथे तसे नाही. २००६ पासून नियमित हंगाम १२ सामन्यांचा आहे. त्यांतले आठ किंवा नऊ कॉन्फरन्स ठरवते आणि उरलेल्या तीन-चार तारखा विद्यापीठाचा क्रीडा संचालक स्वतः करार करून भरतो. करार बऱ्याचदा काही वर्षे आधी होतात. त्यांचे मुख्य प्रकार तीन : ठरलेली रक्कम घेऊन एकदाच बलाढ्य संघाच्या मैदानावर जाणे (‘गॅरंटी गेम’ किंवा ‘बाय गेम’), एकमेकांकडे एकेक भेट (‘होम अँड होम’), आणि दोनदा त्यांच्याकडे तर एकदा आपल्याकडे (‘टू फॉर वन’). चौथा, त्रयस्थ मैदानावरचा प्रकार दूरचित्रवाणीमुळे वाढला. करार मोडणाऱ्याला भरपाई द्यावी लागते.

उगम : प्रथेच्या आरंभाबद्दल एकमत नाही. एक मत तिला पहिल्या महायुद्धाच्या आधी नेते. पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल या मूलनिवासी विद्यार्थ्यांच्या निवासी शाळेचा संघ १८९६ च्या एकाच हंगामात प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड आणि पेन्सिल्व्हेनिया या तेव्हाच्या चारही बड्या संघांशी खेळला. मोठे सामने बहुधा परगावीच होत आणि तिकीटविक्रीतला वाटा शाळेच्या क्रीडानिधीत जमा होई. १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने शाळेची चौकशी केली तेव्हा हा निधीही तिच्या कक्षेत आला. ११ नोव्हेंबर १९११ रोजी कार्लाइलने हार्वर्डला १८-१५ असे हरवले. जिम थॉर्पने त्या दिवशी चार फील्ड गोल मारले. केंटकीतील छोट्याशा सेंटर कॉलेजने २९ ऑक्टोबर १९२१ रोजी हार्वर्डवर मिळवलेला ६-० विजयही याच परंपरेत बसवला जातो.

याच मताचे लोक १ नोव्हेंबर १९१३ चा नोत्र दाम-आर्मी (वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा संघ) सामनाही पुढे करतात. आर्मीच्या वेळापत्रकात एक तारीख रिकामी झाली आणि प्रवासखर्चापोटी १,००० डॉलरच्या हमीवर नोत्र दामचा संघ इंडियानाहून वेस्ट पॉइंटला गेला, असे सांगितले जाते. हमीचा आकडा नंतरच्या आठवणींतून रूढ झालेला दिसतो, त्यामुळे तो सावधपणे घ्यावा. निकालाबद्दल मात्र शंका नाही. गस डोराइस आणि नूट रॉकनी यांच्या फॉरवर्ड पासच्या (हाताने पुढे फेकलेल्या चेंडूच्या) जोरावर नोत्र दामने ३५-१३ असा विजय मिळवला. मध्य-पश्चिमेतील वेस्टर्न कॉन्फरन्सची (आजची बिग टेन) दारे बंद असल्याने नोत्र दामला प्रतिस्पर्ध्यांच्या शोधात देशभर फिरावे लागले, हे या मताचे सर्वांत बळकट प्रमाण.

या मतावरचा आक्षेप शब्दच्छलासारखा वाटला तरी महत्त्वाचा आहे. कार्लाइल आणि नोत्र दाम कोणत्याच कॉन्फरन्समध्ये नव्हते. ज्याला घर नाही त्याच्या बाबतीत ‘घराबाहेर’ हा शब्द लागू होत नाही. हाच आक्षेप फ्लोरिडा स्टेटच्या उदाहरणालाही लागतो. १९७३ ते १९७५ या तीन हंगामांत ४ विजय आणि २९ पराभव अशी अवस्था झालेला हा संघ बॉबी बाउडेन यांनी १९७६ मध्ये हाती घेतला. १९८१ मध्ये तो नेब्रास्का, ओहायो स्टेट, नोत्र दाम, पिट्सबर्ग आणि लुइझियाना स्टेट यांच्या मैदानांवर लागोपाठ पाच सामने खेळला आणि त्यांतले तीन जिंकला. हंगाम ६-५ असा संपला, पण संघाचे नाव देशभर झाले. ‘आधी बड्यांच्या अंगणात जाऊन उभे राहा’ या धोरणाचा दाखला म्हणून ते वर्ष आजही सांगितले जाते. परंतु फ्लोरिडा स्टेट तेव्हा स्वतंत्र संघ होता.

प्रस्तुत नोंद दुसऱ्या मताकडे झुकते. त्यानुसार आजची प्रथा दोन निर्णयांतून आली. १९७८ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने पहिल्या श्रेणीचे आय-ए हा वरचा आणि आय-एए हा खालचा असे दोन भाग केले (२००६ पासून अनुक्रमे एफबीएस आणि एफसीएस). वरच्या भागात राहण्यासाठी प्रेक्षकसंख्या आणि मैदानाची क्षमता यांच्या अटी आल्या. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या खटल्यात एनसीएएची दूरचित्रवाणी हक्कांवरील मक्तेदारी मोडली आणि तो पैसा बड्या कॉन्फरन्सकडे वाहू लागला. एकाच श्रेणीत राहायचे, खर्चही त्याच श्रेणीचा करायचा, पण उत्पन्न मात्र निराळे, या कोंडीतून मधल्या फळीला वाट काढावी लागली. जुनी उदाहरणे पूर्वज म्हणता येतील, उगम नव्हे.

पैसा आणि प्रतिष्ठा : बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या सामन्यांमागे दोन वेगळे हेतू असतात आणि लेखनात त्यांची सर्रास गल्लत होते. पहिला हेतू निव्वळ अर्थसंकल्पाचा. यजमानाला घरच्या मैदानावर भरगच्च गर्दी आणि बहुधा सोपा विजय हवा असतो, पाहुण्याला धनादेश. खेळाडूंच्या जखमांवरून अशा सामन्यांना ‘बॉडी बॅग गेम’ असे क्रूर नावही आहे. ओहायोतील केंट स्टेटचा २०२४ चा हंगाम या प्रकाराचे टोक म्हणावा लागेल. पिट्सबर्गकडून ५५-२४, टेनेसीकडून ७१-०, पेन स्टेटकडून ५६-० असे पराभव महिन्याभरात परगावी झाले. मधल्या आठवड्यात घरच्या मैदानावर सेंट फ्रान्सिस या एफसीएस संघानेही त्यांना हरवले आणि शेवटी १२ पैकी एकही सामना जिंकता आला नाही.

विद्यापीठाला असे सामने मनमानेल तितके विकता येत नाहीत. एफबीएसमध्ये राहायचे तर हंगामात किमान पाच सामने घरी खेळावे लागतात. ‘बोल’ म्हणजे हंगामाअखेरच्या निमंत्रित सामन्यांसाठी १२ पैकी सहा विजय लागतात आणि त्यांत एफसीएस संघावरचा एकच विजय धरला जातो. म्हणून एक सोपा सामना, एक बरोबरीचा आणि एक-दोन धनादेशाचे, अशी जोड बहुतेक क्रीडा संचालक लावतात. हवाई विद्यापीठाचा अपवाद गमतीचा आहे. त्याच्या बेटावर जाणाऱ्या संघाला प्रवासखर्चाची भरपाई म्हणून तेरावा सामना ठेवण्याची मुभा मिळते.

रकमांचे आकडे मुख्यतः राज्य विद्यापीठांचेच उजेडात येतात, कारण त्यांचे करार सार्वजनिक दस्तऐवज असतात. खासगी विद्यापीठांना तसे बंधन नाही. नोत्र दाम खासगी असले तरी समोरचा संघ सरकारी असला की आकडा कळतो. १ सप्टेंबर २००७ रोजी मिशिगनने ॲपलॅचियन स्टेट या एफसीएस संघाला ४ लाख डॉलर दिले आणि ३४-३२ असा पराभव पत्करला. १० सप्टेंबर २०२२ या एकाच दिवशी सन बेल्टमधील तीन संघांनी धनादेशही घेतला आणि सामनाही. मार्शलने नोत्र दामला २६-२१, ॲपलॅचियन स्टेटने टेक्सस ए अँड एमला १७-१४, तर जॉर्जिया सदर्नने नेब्रास्काला ४५-४२ असे हरवले. दुसऱ्याच दिवशी नेब्रास्काने प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना काढून टाकले. ७ सप्टेंबर २०२४ रोजी १४ लाख डॉलर घेऊन आलेल्या नॉर्दर्न इलिनॉयने पाचव्या क्रमांकाच्या नोत्र दामला १६-१४ असे नमवले.

दुसरा हेतू क्रमवारीचा. त्याचे घोषवाक्य फ्रेस्नो स्टेटचे प्रशिक्षक पॅट हिल (१९९७-२०११) यांच्या नावावर आहे : कोणीही, कुठेही, केव्हाही. २००१ मध्ये डेव्हिड कार क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) असलेल्या या संघाने हंगामाच्या सुरुवातीलाच कोलोरॅडो, ओरेगॉन स्टेट आणि विस्कॉन्सिन यांना ओळीने हरवून पहिल्या दहांत मजल मारली; मग आपल्याच कॉन्फरन्समधल्या बॉइसी स्टेटकडून ३५-३० असा मार खाल्ला. तीनही बड्या संघांना हरवणाऱ्यांना शेजाऱ्याने अडवावे, यातच या धोरणाची मर्यादा दिसते. पुढची दहा वर्षे बॉइसी स्टेटनेच ते अधिक काटेकोरपणे राबवले. हंगामाचा पहिला सामना मोठ्या नावाशी, देशभर प्रक्षेपित होईल असा : २००९ मध्ये ओरेगॉन (१९-८), २०१० मध्ये व्हर्जिनिया टेक (३३-३०), २०११ मध्ये जॉर्जिया (३५-२१). तिन्ही जिंकले.

कठीणपणाचे मापन : ‘स्ट्रेंथ ऑफ शेड्यूल’ म्हणजे वेळापत्रकाची खडतरता १९९८ च्या बीसीएस पद्धतीत (बोल चॅम्पियनशिप सीरीज, म्हणजे सर्वांत मानाच्या बोल सामन्यांसाठी संघ निवडण्याची पद्धत) ठोस आकड्यात आली. प्रतिस्पर्ध्यांच्या विजय-पराभवांना दोन तृतीयांश आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला एक तृतीयांश वजन देऊन सर्व संघांची क्रमवारी लावत. त्या क्रमांकाला २५ ने भागून आलेला आकडा संघाच्या बेरजेत मिळवत. बेरीज कमी तितके चांगले. प्रत्येक पराभवाला एक गुण होता. म्हणजे ज्याचे वेळापत्रक शंभरावे त्याच्या माथी चार गुण, पंचविसावे असेल तर एक. ७५ क्रमांकांचा हा फरक तीन पराभवांएवढा पडे. मधल्या फळीतील अपराजित संघाने न गमावलेले सामनेही जणू गमावल्यासारखे होत. शिवाय बाराएक प्रतिस्पर्ध्यांतले आठ कॉन्फरन्सने ठरवलेले असल्याने उरलेल्या तीन-चार तारखांनी हा आकडा फारसा हलत नसे. १९९८ मध्येच अपराजित ट्युलेनला बीसीएसच्या बड्या सामन्यांत जागा मिळाली नाही. २००४ मध्ये हा घटक सूत्रातून स्वतंत्रपणे वगळण्यात आला. संगणकीय क्रमवाऱ्यांच्या पोटात तो राहिलाच. त्याच वर्षी युटा हा बड्या कॉन्फरन्सबाहेरून बीसीएस सामन्यात पोचलेला पहिला संघ ठरला.

वाद सूत्रापुरता नव्हता. २०१० मध्ये ओहायो स्टेटचे अध्यक्ष गॉर्डन गी यांनी बॉइसी स्टेट आणि टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ (टीसीयू) यांच्या वेळापत्रकांची ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ या ख्रिस्ती जोगिणींच्या संस्थेशी तुलना करून हेटाळणी केली. टीसीयूने तो हंगाम रोझ बोलमध्ये विस्कॉन्सिनला २१-१९ असे हरवून अपराजित संपवला. गी यांनी पुढे माफी मागितली आणि त्या जोगिणींच्या आश्रमालाही भेट दिली.

२०१४ पासून राष्ट्रीय विजेतेपदासाठी चार संघांची बाद फेरी सुरू झाली आणि सूत्राऐवजी निवड समिती आली. खडतरता हा तिच्या निकषांपैकी एक, पण त्याचे वजन ठरलेले नाही. तिच्या पहिल्याच वर्षी मिळालेला धडा मधली फळी विसरलेली नाही. कॉन्फरन्सबाहेर एकही तगडा संघ नसलेला मार्शल सलग ११ सामने जिंकूनही यादीत चोविसाव्या क्रमांकाच्या आसपास घुटमळला आणि मग वेस्टर्न केंटकीकडून ६७-६६ असा हरला. मिसिसिपीकडून सुरुवातीलाच ३५-१३ अशी हार खाल्लेला बॉइसी स्टेट विसाव्या क्रमांकावर राहून फिएस्टा बोलला गेला. सेंट्रल फ्लोरिडा २०१७ मध्ये अपराजित राहूनही बाराव्या क्रमांकापुढे सरकला नाही. जॉर्जिया टेकशी ठरलेला त्यांचा सामना इर्मा चक्रीवादळामुळे रद्द झाला होता. चार संघांच्या बाद फेरीत पोचलेला मधल्या फळीतला एकमेव संघ २०२१ चा सिनसिनाटी. त्याच्या हाती २ ऑक्टोबरला नोत्र दामच्या मैदानावर मिळवलेला २४-१३ हा विजय होता.

सामने काही वर्षे आधी ठरत असल्याने कठीणपणात नशिबाचा वाटा मोठा. करार करताना जो संघ बलाढ्य असतो तो खेळायच्या दिवशी मोडकळीला आलेला असू शकतो. याला लख्ख अपवाद २०२० चा. कोविडमुळे लिबर्टीचा संघ येऊ शकला नाही, तेव्हा कोस्टल कॅरोलायनाने अवघ्या काही दिवसांत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी सामना ठरवला आणि ५ डिसेंबरला तो २२-१७ असा जिंकला. दोन्ही संघ तेव्हा अपराजित होते.

बारा संघांची बाद फेरी : २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सर्वोच्च क्रमांकाच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा मिळू लागली. त्यामुळे मधल्या फळीला किमान एक दार उघडे झाले आणि स्पर्धा बड्यांशी कमी, आपापसांत जास्त उरली. अशा वेळी मोठ्या संघाकडून थोडक्यात झालेला पराभवही उपयोगी पडतो. ७ सप्टेंबर २०२४ रोजी बॉइसी स्टेट ओरेगॉनच्या मैदानावर ३७-३४ असा हरला. हंगामाअखेर तो क्रमवारीत नववा आणि बाद फेरीत तिसरा मानांकित होता. पुढे पेन स्टेटने त्याला ३१-१४ असे बाद केले.

तारखा मात्र आटत चालल्या आहेत. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने २०२६ पासून आठऐवजी नऊ अंतर्गत सामन्यांचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर केला. शिवाय आपल्या संघांनी दरवर्षी निदान एक सामना दुसऱ्या बड्या संघाशी खेळावा, अशी तिची अट आहे. म्हणजे मधल्या फळीसाठी प्रत्येक संघाकडे जास्तीत जास्त दोन जागा, आणि त्यांतली एक बहुधा एफसीएस संघाला जाते.