लीनता (ख्रिस्ती साधना)

लीनता : देवापुढे आपण केवढे आहोत हे ओळखून, तेच भान ठेवून माणसांत वागण्याचा ख्रिस्ती सराव. ख्रिस्ती परंपरा हिला बाकीच्या सद्गुणांचा पाया मानते. सत्याकडे जाणारी वाट पहिल्यांदा लीनता, दुसऱ्यांदा लीनता आणि तिसऱ्यांदाही लीनताच, असे संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी एका पत्रात लिहिले आहे.

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती माणसाला या गुणाची दोन नावे ऐकू येतात. चर्चमधल्या हिंदी बायबलात येशू स्वतःला ‘नम्र और मन में दीन’ म्हणवतो. घरच्या मराठी बायबलात तेच वचन ‘मनाचा सौम्य व लीन’ असे आहे (मत्तय ११:२९). मराठी कानाला ‘दीन’ म्हणजे केविलवाणा, ज्याची कीव यावी असा. ‘लीन’ म्हणजे वाकलेला आणि मिसळून गेलेलासुद्धा. हिंदीत मात्र ‘लीन’चा अर्थ तल्लीन एवढाच उरतो. ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ हे डोंगरावरच्या प्रवचनातले वाक्य मराठीतही ‘दीन’ हाच शब्द घेते, त्यामुळे गोंधळ वाढतो. देवापुढे रिकाम्या हाताने उभे राहणे आणि माणसांपुढे लाचार होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक सुटला की पुढचे सगळेच बिघडते.

या साधनेचे मूळ चित्र योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल गुंडाळतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्या काळी हे काम घरातल्या गुलामाचे होते. मराठी वाचकाला हे चित्र समजायला सोपे वाटते, पण खरे तर ते त्याच्यासाठी अधिक अवघड आहे. आपल्याकडे पाय धुण्याची रीत घरोघर होतीच : लग्नात मुलीचे वडील जावयाचे पाय धुतात, जेवायला बोलावलेल्या सवाष्णीचे पाय धुतात, वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवतात. या सगळ्यात मान खालून वर जातो. योहानाच्या प्रसंगात तो वरून खाली येतो. गुरू शिष्याच्या पायाशी बसतो, आणि मी केले तसे तुम्हीही करा, असे सांगतो. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ती रीत याच्या जास्त जवळची आहे.

कॅथॉलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या) मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनेत, धर्मगुरू सहसा बारा जणांचे पाय धुतात. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये पवित्र सप्ताहाच्या विधींची फेररचना केली, तेव्हा हा विधी त्या मिस्सात घेण्यात आला. त्यांच्यात स्त्रियांनाही बसवण्याची अधिकृत मुभा २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या काळात मिळाली. कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ मध्ये इंदूरला आले. त्याच्या प्रॉटेस्टंट परंपरेत पाय धुण्याच्या विधीला विशेष स्थान नाही. तिथे भर पापाच्या कबुलीवर आणि तारण ही आपली कमाई नसून कृपेने मिळालेले दान आहे, या विश्वासावर असतो.

पण वर्षातून एका संध्याकाळी होणाऱ्या विधीपेक्षा बाकीचे दिवस मोठे. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू मेजवानीला आलेल्यांना सांगतो की मानाची जागा धरू नका, शेवटची धरा. पंगतीत मानाचे पान कोणाचे यावरून रुसवेफुगवे पाहिलेल्या घराला यावर भाष्य लागत नाही. रोजच्या सरावाची रूपे अशीच साधी असतात : मुलावर विनाकारण ओरडल्यावर त्याच्याकडे जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणणे, उपासनेनंतर सतरंज्या कोणी न सांगता घडी करून ठेवणे, आपण केलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्याला मिळाले तर ते मिळू देणे, कामवाल्या बाईंशी साहेबांशी बोलतो त्याच स्वरात बोलणे. रात्री झोपण्यापूर्वी दिवस आठवून पाहण्याची रीत जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या परंपरेने पक्की केली. तीत आभार आधी येतात आणि चुका नंतर, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. स्वतःला नुसते कोसत बसणाऱ्याचे लक्ष शेवटी स्वतःवरच राहते.

बोलण्यातली लीनता फसवी असते. ‘गरिबाच्या घरी पाय लावा’ हे आमंत्रण बंगल्यातूनही येते. ते सौजन्य आहे, साधना नव्हे. त्याच पाय धुण्याच्या वेळचा पेत्र या शिष्याचा प्रसंग आणखी सूक्ष्म. माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत, असे तो म्हणतो आणि येशू त्याला ठाम उत्तर देतो : मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. सेवा घेणेही शिकावे लागते. जन्मभर घर चालवलेल्या आजींना सुनेच्या हाताने अंघोळ घालून घ्यावी लागते तेव्हा ही ओळ नव्याने कळते, आणि माझ्या मते इथे लागणारी लीनता सेवा करणाऱ्याच्या लीनतेपेक्षा कठीण असते.

मठवासी परंपरेत संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या नियमावलीच्या सातव्या अध्यायात लीनतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या. स्पेनमधल्या संत, अविलाच्या तेरेसा (१५१५–१५८२) यांच्या लेखी लीनता म्हणजे सत्यात चालणे. स्वतःला मुद्दाम कमी लेखणेही त्यात बसत नाही.

आपल्या देशात हा मुद्दा तीव्र होतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकायला लावले, त्यांना पुन्हा ‘वाका’ सांगणे शुभवर्तमानाला धरून नाही. हा उपदेश आधी वर बसलेल्यांसाठी आहे. इंदूर धर्मप्रांतातल्या सिस्टर रानी मारिया यांचे आयुष्य इथे पाहण्यासारखे आहे. केरळहून आलेल्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या संघातल्या या धर्मभगिनी इंदूरजवळच्या उदयनगर भागात आदिवासी शेतकऱ्यांना सावकारांच्या पकडीतून सोडवण्यासाठी झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. स्वतःसाठी काही न मागणारी ही बाई दुसऱ्यांच्या हक्कासाठी गप्प बसली नाही.

२००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आली. क्षमा करणारा सहसा वरच्या पायरीवर उभा असतो. राखी बांधणारी बहीण मात्र रक्षण मागते, म्हणून तिला तिथे उभे राहता येत नाही. ज्या हातांनी बहिणीचा जीव घेतला त्याच मनगटावर तिने तो धागा बांधला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच रानी मारिया यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्यांची समाधी उदयनगरला आहे.