आई-बाबांच्या शुगरसाठी डबा लावताना

'तुमच्याकडे शुगरवाल्यांचा डबा मिळतो का?' हा फोन आठवड्यातून तीन-चारदा तरी येतो. फोन करणारा मुलगा किंवा मुलगी हिंजवडीत, नाहीतर थेट न्यू जर्सीत. आणि जेवणारे आई-बाबा कोथरूड, कर्वेनगर, एरंडवण्यात.

तसा वेगळा डबा आम्ही करत नाही. पूर्वी करायचो. दुधी, कारलं, कोरडी भाकरी, अळणी आमटी. महिन्याभरात निम्मे डबे बंद व्हायचे. उरलेल्यांतले एक आजोबा डबा वॉचमनला देऊन कोपऱ्यावर वडापाव खातात, हे आम्हाला डबे पोचवणाऱ्या मुलाकडून कळलं. तेव्हापासून स्वयंपाक सगळ्यांचा एकच. बदलतं ते कोणत्या कप्प्यात काय आणि किती, एवढंच.

नेहमीच्या डब्यात चार पोळ्या, भाजी, आमटी आणि भात असतो. शुगर असलेल्यांना दोन पोळ्या, भाजी दुप्पट, पातळ आमटीच्या जागी मोड आलेल्या मुगा-मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, कोशिंबीर, आणि भात अर्धी वाटी. भात पूर्ण काढत नाही. कोकणातल्या माणसाचा भात तोडला की तो रात्री स्वतः कुकर लावतो.

भाकरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. ज्वारीचं पीठ घ्या नाहीतर गव्हाचं, शंभर ग्रॅममध्ये पिष्टमय पदार्थ 65 ग्रॅमच्या आसपासच असतात. आमच्या एका पोळीला साधारण 30 ग्रॅम पीठ लागतं आणि एका भाकरीला 60. म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची. 'मी पोळी सोडली' म्हणून दोन भाकऱ्या खाणाऱ्या बाबांच्या पोटात चार पोळ्यांचं पीठ गेलेलं असतं. भाकरी जरूर मागवा, पण एक. तांदळाची भाकरी मात्र भातातच धरा.

जेवायचा क्रमही बदलून बघा. वरणभाताने सुरुवात करायची आपली पद्धत इथे उलटी करायची. आधी कोशिंबीर, मग उसळ-भाजी, त्यानंतर पोळी आणि भात सगळ्यात शेवटी. तेच जेवण अशा क्रमाने जेवलं तर नंतरची शुगर कमी उसळते, हे तपासलेलं आहे. जेवण झाल्यावर लगेच आडवं न होता सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारल्या तर आणखी चांगलं.

कवळी असेल तर आम्हाला आवर्जून सांगा. काकडी-गाजर चावत नाही, म्हणून ते डब्यात तसंच राहतं आणि माणूस मऊ भातावर भागवतो. अशा डब्यांत आम्ही कोशिंबीर किसून दह्यात देतो आणि उसळ जास्त शिजवतो.

डब्याबाहेरचं आमच्या हातात नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला आठ चमचे. गूळ घातला म्हणून फरक पडत नाही, तीही साखरच. 'शुगर फ्री' बिस्किटांतही मैदा किंवा दुसरं पीठ असतंच. पेरू चावून खा, रस काढून नको. हापूसची फोड जेवणातली एक पोळी कमी करून खाल्ली तर चालते. आम्ही स्वतः आंब्याच्या दिवसांत तसंच करतो.

'पण आई तर बारीक आहे, तिला कशी शुगर?' याचं उत्तर पुण्यातूनच आलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी बसलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याकडची बरीच बारीक माणसं आतून तशी बारीक नसतात. तेव्हा आई बारीक आहे म्हणून तिच्या डब्यात जास्तीची पोळी टाकायला सांगू नका.

आता वेळेचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण लांबलं, तर शुगर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, विनाकारण चिडचिड, बोलण्यात गोंधळ. ग्लुकोमीटरवर आकडा 70च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. बर्फी किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. यासाठीच असे डबे आम्ही सगळ्यांत आधी, साडेबाराच्या आत पोचवतो. पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा आणि विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात. त्या दिवशी डबा अकरालाच येईल.

उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यामुळे शुगरच्या डब्यात आम्ही खिचडी देत नाही. मोजून वरई, दाण्याची आमटी, खमंग काकडी आणि ताक देतो. यावरून दर चतुर्थीला एखादा तरी रुसवा होतोच.

डबा सुरू करताना गोळ्यांची नावं, त्यांच्या वेळा आणि डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद असेल तर त्याचा फोटो पाठवा. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर डाळी-उसळींचं प्रमाण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच ठरवतील, आम्ही अंदाजाने देणार नाही. पहिले दोन आठवडे जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा बघून त्या दिवशीच्या भाजीसकट कॅलेंडरवर लिहून ठेवा. किती आकडा चालेल हे वयाप्रमाणे डॉक्टर सांगतील. डबा सुरू झाला म्हणून गोळी मनाने कमी करू नका.

आणि आवडीनिवडी सांगायचा फोन आईंना स्वतः करू द्या. मुलांनी दिलेल्या यादीत 'शेपू नको' हमखास असतं, आणि आई पहिल्याच दिवशी शेपू मागतात.

आमचा नंबर झाकणावर आहे. रविवारी डबा बंद. रिकामा डबा विसळून द्यावा.