अंडर द ब्रिज

अंडर द ब्रिज : रेड हॉट चिली पेपर्स या लॉस एंजेलिसच्या अल्टरनेटिव्ह रॉक बँडचे गाणे. १९९१ च्या ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’ या अल्बममधले हे गाणे मार्च १९९२ मध्ये सिंगल, म्हणजे सुटे गाणे, म्हणून बाजारात आले आणि बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या ‘हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. अमेरिकेत या बँडचे दुसरे कोणतेही गाणे याच्या वर गेलेले नाही. पहिले स्थान तेव्हा क्रिस क्रॉस या दोन पोरसवदा रॅपरांच्या ‘जंप’ने आठ आठवडे अडवून धरले होते. गाण्याची ओळख लॉस एंजेलिसवरचे प्रेमगीत अशी सांगितली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे. माणसांनी दूर सारलेला माणूस शहराला सखी मानतो, आणि त्याच शहरातल्या एका पुलाखाली त्याचे काय झाले ते शेवटी सांगतो, असा गाण्याचा प्रवास आहे.

शब्द गायक अँथनी कीडिस याचे. तो मूळचा मिशिगन राज्यातला. वडिलांकडे राहायला म्हणून शाळकरी वयात लॉस एंजेलिसला आला. तिथल्या फेअरफॅक्स हायस्कूलमध्ये त्याला फ्ली (पुढे बँडचा बासवादक) आणि हिलेल स्लोव्हाक भेटले, आणि त्यातूनच पुढे बँड उभा राहिला. कीडिस आणि स्लोव्हाक दोघेही हेरॉइनच्या आहारी गेले. जून १९८८ मध्ये गिटारवादक स्लोव्हाक अतिसेवनाने मरण पावला. त्यानंतर काही आठवड्यांतच कीडिसने नशा सोडली. स्लोव्हाकच्या जागी जॉन फ्रुशान्ते हा विशीही न ओलांडलेला गिटारवादक आला.

हे गाणे मुळात कीडिसने लिहिलेली कविता, आणि तिचे बीज इथेच आहे. नव्या अल्बमच्या तालमी चालू असताना फ्ली आणि फ्रुशान्ते यांची गट्टी जमली होती. दोघे मिळून गांजा ओढत. शुद्धीवर राहण्याचे व्रत घेतलेला कीडिस आपल्याच बँडमध्ये परका झाला. अशाच एका तालमीनंतर हॉलिवूडच्या हमरस्त्यावरून एकटा घरी जाताना त्याला ओळी सुचल्या. आपल्याला कोणी नाही, पण हे शहर आहे. आपण त्याच्या रस्त्यांवरून हिंडतो, त्याच्या टेकड्या चढतो, आणि ते आपल्याला ओळखते, असा त्यांचा आशय. मुळात इंग्रजीत शहराला ‘ती’ म्हटले आहे. मराठीत ‘शहर’ नपुंसकलिंगी, त्यामुळे अनुवादात ही सलगी हातातून निसटते. ‘नगरी’ म्हटले तर थोडीफार टिकते. लॉस एंजेलिस या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘देवदूत’. त्यावरून शहराला पडलेले देवदूतांची नगरी हे बिरुद गाण्यातही आहे, आणि एकटेपणाशेजारी ते जरा बोचतेच.

कविता वहीतच राहिली असती. ती फारच हळवी आहे, उड्या मारत फंक हे ठेकेबाज संगीत वाजवणाऱ्या आपल्या बँडला शोभणार नाही, असे कीडिसला वाटत होते. निर्माता रिक रूबिन याने वही चाळताना ती पाहिली आणि इतरांना दाखवायला लावली. फ्रुशान्तेने तिच्यासाठी सुरुवातीचे गिटारवादन रचले. त्यावर गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या ‘लिटल विंग’ या गाण्याची छाया आहे. ध्वनिमुद्रण झाले लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यन भागातल्या एका जुन्या हवेलीत. बाकी तिघे तिथेच मुक्कामाला होते. ड्रमवादक चॅड स्मिथ मात्र, वास्तू झपाटलेली असल्याच्या समजुतीमुळे, रोज मोटारसायकलवरून ये-जा करी.

सांगीतिक दृष्ट्या गाणे हळूहळू भरत जाते. आधी एकटी गिटार, मग आवाज. बास आणि ड्रम्स सावकाश सामील होतात. कडवी ई मेजर या पाश्चात्त्य पट्टीत चालतात, स्वर मोकळा आणि काहीसा आश्वासक. पुलाचा उल्लेख येतो तिथे मात्र ए मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) उदास छटेच्या ए मायनरकडे वळते आणि तिथून स्वरावली खाली उतरत जाते. एका स्वराच्या फरकाने जमीन सरकते, तीही शब्द नीट कळण्याआधी. या भागातला कोरस फ्रुशान्तेची आई आणि तिच्या मैत्रिणी यांनी गायला आहे. बायकांच्या त्या आवाजांमुळे कबुलीजबाबाला प्रार्थनेचा रंग चढतो. संपूर्ण गाण्यात सर्वांत अस्सल काही असेल तर ते हेच वळण.

पुलाखाली जे घडले ते नशेच्या दिवसांतले. तो पूल एका टोळीच्या ताब्यात होता आणि परक्याला तिथे मज्जाव होता. टोळीतल्या एकाच्या बहिणीशी आपले लग्न ठरले आहे अशी थाप मारून कीडिसने प्रवेश मिळवला होता. अमली पदार्थांसाठी आपण किती खालच्या थराला गेलो, याची खूणगाठ म्हणून ती जागा त्याच्या मनात राहिली.

अल्बममधल्या ‘गिव्ह इट अवे’ या सिंगलनंतर कोणते गाणे काढायचे हे ठरवायला वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीची माणसे बँडच्या एका कार्यक्रमाला आली होती. ‘अंडर द ब्रिज’ गाताना सुरुवात करायची जागा कीडिसकडून चुकली, आणि ओळी प्रेक्षकांनी गायल्या. त्याने ओशाळून माफी मागितली. पण कंपनीला हवे ते उत्तर मिळाले होते. व्हिडिओ गस व्हॅन सँट या चित्रपट दिग्दर्शकाने केला. त्यात कीडिस शहराच्या रस्त्यांवरून चालतो आणि अखेरीस लॉस एंजेलिस नदीच्या काँक्रीटच्या पात्रातून धावतो. गाणे यादीत चढत असतानाच, एप्रिलच्या अखेरीस, त्या शहरात दंगल उसळली आणि साठहून अधिक माणसे मेली. गाण्याचा तिच्याशी काही संबंध नाही, पण त्या दिवसांत रेडिओवर ते कसे ऐकू आले असेल, हा विचार टळत नाही.

यशाने बँडचे भले झाले, फ्रुशान्तेचे नाही. लोकप्रियतेचा त्याला जाच होऊ लागला. फेब्रुवारी १९९२ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने या गाण्याची सुरुवात इतकी वेडीवाकडी वाजवली की कीडिस गोंधळून गेला. मे महिन्यात जपानच्या दौऱ्यात त्याने बँड सोडला. तो परतला १९९८ मध्ये.

त्याच १९९८ मध्ये ऑल सेंट्स या ब्रिटिश गायिकांच्या गटाने हे गाणे नव्याने गायले आणि ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक पटकावला. त्यांनी नशेचा उल्लेख असलेला शेवटचा भाग वगळला. उरले ते गोड, शहरावर जीव टाकणारे गीत. मूळ गाणे त्या वगळलेल्या भागावरच उभे आहे, हे दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या की लगेच जाणवते.

तो पूल नेमका कोणता हे कीडिसने सांगितलेले नाही. चाहत्यांनी मॅकार्थर पार्कपासून शहरातल्या अनेक जागांवर बोट ठेवून पाहिले आहे.