पेशी जिवंत आहे, वाट बंद आहे

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाच्या घरच्यांना कोणीतरी हमखास सांगतं : पाठीतल्या पेशी मेल्यात, नव्या स्टेम सेल, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, सोडल्या की पाय हलू लागतील. ऐकायला पटतं, पण ही समजूत अर्धवट आहे.

पाय हलवण्याचा हुकूम देणारी चेतापेशी मेंदूत असते. तिचा अक्षतंतू, म्हणजे तिच्यातून निघालेला लांब धागा, केसाहून कितीतरी बारीक, मज्जारज्जूतून पार खालपर्यंत उतरतो. अपघातात तुटतो तो हा तंतू. इजेच्या जागच्या पेशी मरतात हे खरं, पण वर मेंदूतली ही पेशी बहुधा जिवंत असते. मग ती नवा तंतू का काढत नाही? हाताची नस (रक्तवाहिनी नव्हे, अशा तंतूंची जुडी) तुटली आणि शिवली, तर तिच्यातले तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतात. मज्जारज्जूत मात्र थबकतात.

दोष पेशीचा की परिसराचा? 1981 साली माँट्रियलमध्ये सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा काढून पुलासारखा जोडला : एक टोक मेंदूच्या देठात, दुसरं मज्जारज्जूत. त्या पुलातून तंतू तब्बल 3 सेंटिमीटर वाढले! आणि पुलातून उतरून मज्जारज्जूत शिरताच थोड्याच अंतरावर थांबले. ताकद होती, वाट बंद होती.

वाढत्या तंतूचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं असतं. चपटा पंजा, त्याला फुटलेली बोटं, आणि ती बोटं सतत पुढची जमीन चाचपत असतात. झुरिचच्या मार्टिन श्वाब यांनी 1988 मध्ये दाखवलं की मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनमध्ये, म्हणजे तंतूंवरच्या स्निग्ध वेष्टणातच, वाढ रोखणारी प्रथिनं आहेत. त्यातलं एक नोगो-ए. बोट त्याला टेकलं की तंतूच्या पृष्ठभागावरचा ग्राही, म्हणजे बाहेरची खूण टिपणारं प्रथिन, आत निरोप देतो, ऱ्हो-ए प्रथिन जागं होतं, ते रॉक या विकराला चेतवतं, पंजाला आकार देणारा अ‍ॅक्टिन प्रथिनाचा सांगाडा आखडतो आणि उघडा पंजा मिटतो. हातापायांच्या नसांतलं मायलिन वेगळ्या पेशी बनवतात, तिथे हा अडसर जवळजवळ नसतोच. प्रौढ मेंदूतल्या जोडण्या विस्कटू नयेत म्हणून निसर्गाने तो ठेवला असावा, असं मला वाटतं.

नोगो-एला निकामी करणारं प्रतिपिंड मानेच्या ताज्या इजेच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. 2024 च्या अखेरीस निकाल आला. मुख्य कसोटीवर ते तुलनेसाठी दिलेल्या, परिणामशून्य खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही, पण ज्यांची इजा अर्धवट होती त्यांच्यात सुधारणेची चिन्हं दिसली. मला यात आशा दिसते : काही तंतू शाबूत असतील तर त्यांच्या नव्या फांद्यांना धरायला आधार मिळतो.

पेशी सोडण्याचा मार्गही बाद नाही. टोकियोच्या केइओ विद्यापीठाने आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी प्रयोगशाळेत पुन्हा स्टेम सेलसारख्या केलेल्या) बनवलेल्या पेशी 4 रुग्णांच्या मज्जारज्जूत सोडल्या. मार्च 2025 मध्ये त्यांनी जाहीर केलं की दोघांत सुधारणा झाली, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहू लागला. उरलेल्या दोघांत विशेष फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शरीर आपणहूनही थोडंफार सावरतं. श्रेय पेशींचं किती, ते 4 जणांवरून ठरत नाही.

ही सगळी कामं चाचणीच्या पायरीवर आहेत. तरीही ‘स्टेम सेलने हमखास बरं करू’ म्हणून लाखोंची रक्कम मागणारे दवाखाने जगभर आहेत. अशी हमी देणाऱ्याकडे पाठ फिरवा. पेशी एकदा आत गेली की परत काढता येत नाही. नाकाच्या आतल्या अस्तराच्या पेशी पाठीत बसवलेल्या एका रुग्णाला 8 वर्षांनी वेदना सुरू झाल्या. शस्त्रक्रियेत गाठ निघाली, आणि तिच्यात शेंबडासारखा चिकट द्राव साठला होता.