तीन टक्के काळी शाई

ऐरोलीच्या खाडीवर धुरकट सकाळी काढलेला फ्लेमिंगोंचा फोटो मी घरच्या इंकजेटवर फक्त काळ्या शाईत छापला. पक्षी झकास आले, पण आकाशावर कुणीतरी मिरपूड भुरभुरली होती.

नुसत्या काळ्या शाईतून इंकजेटला करडा रंग येतच नाही. थेंब टाकायचा किंवा नाही टाकायचा, एवढंच त्याला कळतं. फिकी छटा हवी असली की तो काळे थेंब विरळ टाकतो आणि बाकीचं आपल्या डोळ्यांवर सोडतो. ४ पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास सुमारे २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कागदावर पसरून फार तर दुप्पट. वाचायच्या अंतरावरून ८० मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके डोळ्याला सुटे दिसत नाहीत. पण एकटा ठिपका, पार्श्वभूमी पुरेशी वेगळी असेल तर, जाणवतोच. आकाशातली चांदणी तशीच तर दिसते.

रांगोळीने व्यक्तिचित्र काढणारे गालावरची सावली काळी पूड विरळ शिंपडून आणत नाहीत. काळ्यात पांढरी मिसळून आधी छटा बनवतात, मग ती भरतात. प्रिंटरमध्येही हेच करायचं. रंगीत शायांच्या जागी एकाच काळ्या शाईची पातळ रूपं भरायची.

किती पातळ? मी आधी शाळकरी हिशेब केला: १००, ७५, ५०, २५ टक्के. मिरपूड थोडी फिकी झाली, गेली नाही. कारण शाई कमी केली की परतणारा प्रकाश बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. मॅट कागदावर पूर्ण काळी शाई जेमतेम अडीच टक्के प्रकाश परत पाठवते. त्या मानाने ढोबळ हिशेब मांडला, तर ७५ टक्क्यांची शाई ६, ५०ची १६ आणि २५ची ४० टक्के प्रकाश परतवते. म्हणजे चारातल्या तीन शाया अंधारातच गर्दी करून बसलेल्या आणि आकाशासाठी कुणीच नाही! त्याऐवजी दर वेळी साधारण एक तृतीयांश करत गेलो: १००, ३०, ९, ३. आता परतणारा प्रकाश अडीच, ३३, ७२ आणि ९० टक्के. तीन टक्क्यांचा ठिपका पांढऱ्या कागदावर शोधूनही सापडत नाही. नऊवाली शाई सुरू होते ती तीनवालीने कागद बऱ्यापैकी झाकल्यावर, म्हणून तिचे ठिपकेही लपतात. पुढेही तसंच.

मग सगळं पातळ शाईनेच का छापू नये? गडद भागासाठी ती फार ओतावी लागेल, आणि कागद किती ओलावा पिणार, याला मर्यादा आहे. ठाण्याच्या पावसाळ्यात तर तो आधीच अर्धा प्यायलेला असतो.

आणि नळाचं पाणी ओतून शाई पातळ करू नका. मी केलंय. शाईचा दाटपणा आणि पृष्ठताण बिघडतो, कार्बनचे कण तळाशी बसतात, नोझल तुंबतात. डिस्टिल्ड पाणी, ग्लिसरीन आणि पृष्ठताण कमी करणारं द्रव्य असलेला तयार बेस लागतो.

कार्बनची शाई पातळ झाली की किंचित तपकिरी दिसते. काही जण त्यात निळसर छटा घालून ती मारतात. खाडीवरच्या त्या धुरकटपणाला तपकिरी शोभली, म्हणून मी ती तशीच ठेवली.