पी ०१७१ : हवा जास्त की पेट्रोल कमी?

छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्यात विकत घेण्यासाठी जुनी पेट्रोल गाडी पाहताना ‘चेक इंजिन’चा दिवा लागलेला दिसला आणि स्कॅनरने (गाडीच्या संगणकातील दोष वाचणाऱ्या यंत्राने) पी ०१७१ हा कोड दाखवला, तर ‘ऑक्सिजन सेन्सर गेला आहे, बदलला की झाले’ असे उत्तर बहुधा मिळते. वास्तविक बहुतेक वेळा बिघाड सेन्सरमध्ये नसतो. मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, एवढेच तो सांगत असतो. एक तर न मोजलेली हवा फटीतून आत शिरते, किंवा पेट्रोलच पुरेसे पोहोचत नाही. पहिला दोष कधी एका रबरी नळीवर भागतो, दुसऱ्यात फ्युएल पंप बदलावा लागू शकतो, त्यामुळे भाव ठरण्याआधीच हा फरक कळलेला बरा.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. मिश्रण पातळ झाले की ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल फवारणारे इंजेक्टर अधिक वेळ उघडे ठेवतो आणि ही भर स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून टक्क्यांत दिसते; दीर्घकालीन ट्रिम १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. इंजिन तापल्यावर हा आकडा आधी आयडलिंगला (गाडी उभी, रेस न देता इंजिन चालू) आणि मग २५०० आरपीएमला (मिनिटाला २५०० फेरे) पाहावा. आयडलिंगला तो मोठा असून रेस दिल्यावर झपाट्याने उतरत असेल, तर संशय हवेच्या गळतीवर जातो, कारण फटीतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते आणि इंजिन ओढत असलेल्या एकूण हवेतला तिचा वाटा घटतो. अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डचे (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांचे) गॅस्केट, पीसीव्हीची (इंजिनमधील वाफा परत इनटेकमध्ये नेणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी आणि ब्रेक बूस्टरची नळी तपासावी. मराठवाड्याच्या उन्हात जुने रबर लवकर तडकते.

याउलट आयडलिंगला आकडा बरा, पण चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना तो वाढत जातो आणि गाडी उचलत नाही, असे असेल तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा इंजेक्टरकडे वळावे. टाकी सतत रिकामी ठेवण्याच्या सवयीने पंप लवकर थकतो, कारण टाकीतले पेट्रोलच त्याला थंड ठेवते. मात्र धुळीने माखलेला हवामापक सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा, एमएएफ) हवा कमी मोजून नेमके हेच चित्र उभे करतो. म्हणून पंपावर खर्च करण्याआधी गेज लावून इंधनाचा दाब मोजण्याचा आग्रह धरावा.

वरची आयडलिंगची खूण हवामापक सेन्सर असलेल्या गाड्यांना नीट लागू पडते. मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचा हिशेब करणाऱ्या गाडीत गळतीमुळे ट्रिमपेक्षा आयडलिंगच वाढलेले दिसू शकते. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) भरलेल्या जुन्या गाडीचा आकडा काही टक्के वर असणे हा दोष नव्हे.

विक्रेता पीयूसीचा ताजा कागद पुढे करील. पण किंचित पातळ मिश्रणात कार्बन मोनॉक्साइड उलट कमीच भरतो, त्यामुळे त्या कागदावरून या दोषाविषयी काहीच ठरत नाही. दिवा विझलेला असला तरी स्कॅनरवरील ‘रेडीनेस’ चाचण्या (गाडीचा संगणक स्वतःच घेतो त्या तपासण्या) पाहाव्यात. त्यांपैकी बऱ्याच अपूर्ण असतील, तर कोड नुकताच पुसला गेला असण्याची किंवा बॅटरी काढली गेली असण्याची शक्यता असते, आणि तशा गाडीची चाचणी काही दिवस चालवल्यानंतरच पुन्हा घ्यावी.