रक्तपेशींवरून चयापचयाचा वेग कळत नाही

"तांबड्या पेशींतलं एन्झाइम मंद आहे, म्हणून वजन उतरत नाही," असं शिवाजी पार्कात चालायला येणाऱ्यांकडून अजूनही ऐकू येतं. १९८० साली एका संशोधनात लठ्ठ व्यक्तींच्या तांबड्या पेशींत सोडियम-पोटॅशियम पंप कमी आढळले होते; ऊर्जा खर्चून पेशीतून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा हा पंप म्हणजेच ते एन्झाइम. पुढच्या अभ्यासांत हा निष्कर्ष सातत्याने टिकला नाही. शिवाय परिपक्व तांबड्या पेशीत मायटोकाँड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीतले भाग, नसतातच. ती ऑक्सिजन वाहते, पण ऊर्जेसाठी स्वतः वापरत नाही. तिच्यावरून साऱ्या शरीराचा अंदाज बांधायचा कसा? विश्रांतीतली निम्म्याहून अधिक ऊर्जा यकृत, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडं खर्च करतात. ती मोजायला श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तपासतात. नुसत्या एन्झाइमच्या रिपोर्टवरून कुणी जेवण तोडायला सांगितलं, तर कृपा करून ऐकू नका.